ओळीबाहेरचा ठिपका

लग्नाची पत्रिका हातात पडली की भिंगबाई आधी तारीख आणि वार जुळतात का ते पाहायची, आणि मग लग्न कोणाचं आहे ते. दुकानातून आणलेली साखर घरच्या काट्यावर पुन्हा चढायची. दाराला कुलूप लावून दोन जिने उतरल्यावर ती परत वर जाऊन ते ओढून बघणार, हे शेजाऱ्यांना इतकं पाठ झालं होतं, की एखाद्या दिवशी ती परत चढताना दिसली नाही तर तेच विचारायचे, "काय हो, आज बरं नाही का?" दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हिचं तोंड कधी कशाने पोळल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं, तरी ही पाणीसुद्धा फुंकूनच प्यायची.

नवरा बिचारा गरीब स्वभावाचा होता. बाहेरून आला की कुठे गेलो, कोण भेटलं, उशीर का झाला, हे चपला काढता काढताच सांगून टाकायचा. तेवढेच पुढचे प्रश्न वाचायचे.

अशी बाई घरात असली की घरच्यांची दैना असते. पण वकिलाच्या ऑफिसात तिचं सोनं झालं. तिथे ती एकतीस वर्षं कारकून होती आणि तिचं काम एकच, निवाडे पडताळायचे. वकील कोर्टात म्हणणं मांडताना जुन्या खटल्यांचा आधार देतात, की बघा, अमुक खंडात अमुक पानावर असाच निकाल लागलेला आहे. वकील मंडळी हे पुष्कळदा आठवणीतून सांगतात, आणि वकिलाची आठवण ही नेहमी त्याच्या अशिलाच्या बाजूने झुकलेली असते. म्हणून भिंगबाई यादी घेऊन कोर्टामागच्या ग्रंथालयात जायची, खंड काढायची, पान उघडायची, ओळीवर बोट ठेवून वाचायची, आणि मगच त्या नोंदीपुढे लाल पेन्सिलीने ठिपका द्यायची. बारीक अक्षरासाठी पर्समध्ये एक भिंग असायचं. काचेला चरा पडू नये म्हणून ते तिने नवऱ्याच्या जुन्या मोज्यात घालून ठेवलं होतं. नाव पडलं ते त्या भिंगावरून. पुढे पुढे शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळे तिला भिंगबाईच म्हणायला लागले.

ठिपक्यांची यादी अर्जाला जोडून कोर्टात जायची, आणि ठिपका पडलेला निवाडा ऑफिसच्या आधारवहीत, तिथेही ओळीच्या टोकाला ठिपक्यासकट. ती जाडजूड वही तिनेच घातलेली आणि तिनेच चालवलेली. थोरल्या साहेबांचा नियम होता, वहीत ठिपका असला की पुन्हा खंड उघडायचा नाही. वेळ वाया जातो. या नियमावर मात्र भिंगबाईने कधी शंका घेतली नाही. का घेईल? ठिपके तिचेच होते.

थोरले साहेब थकले आणि सकाळी अकराला येऊन पेपर वाचून एकला घरी जायला लागले, तेव्हा ऑफिस त्यांच्या मुलीकडे आलं. या धाकट्या वकीलबाईंनी पहिल्याच वर्षी कृत्रिम बुद्धिमत्तेचं एक मशीन आणलं. मशीन म्हणजे तरी काय, नेहमीच्याच पडद्यावर एक रिकामी चौकट. तिच्यात खटल्याची हकिगत लिहायची, की मिनिटभरात अर्ज तयार, वर आधाराला दहा-बारा निवाडे.

"याला कोणी शिकवलं?" भिंगबाईने विचारलं.

"सगळे निवाडे वाचलेत त्याने. लाखो."

"लाखो वाचलेत, की चाळलेत?"

वकीलबाई हसल्या. भिंगबाई हसली नाही. न अडखळता, न डोकं खाजवता उत्तर देणाऱ्या माणसावर तिचा आयुष्यात कधी विश्वास बसला नव्हता, मग हे तर मशीन. शिवाय त्याचं ते गोड बोलणं. 'जरूर, मी मदत करतो.' मागितल्यावाचून गोड बोलणारा पुढे काहीतरी मागतो, हा तिचा अनुभव.

महिनाभरात तिने त्याला पकडलं. मशीनने एका कुंपणाच्या भांडणात खंड चाळीस, पान दोनशे बाराचा निवाडा दिला होता. दोन्ही पक्षकारांची नावं, तारीख, न्यायाधीशांचं एक छानसं वाक्य, सगळं होतं. फक्त खंड चाळीस एकशे अठ्ठ्याण्णव पानांवर संपत होता. भिंगबाई तो खंड काखेत मारून ऑफिसात आली आणि टेबलावर आपटून म्हणाली, "हे घ्या तुमचं लाखो वाचलेलं!" त्या दिवशी तिने स्वतःच्या खर्चाने सगळ्यांना चहा पाजला, ही त्या ऑफिसच्या इतिहासातली पहिली वेळ.

त्याच सुमाराला दुसऱ्या कुठल्याशा कोर्टात एका वकिलाने मशीनने रचलेले सहा निवाडे खरे म्हणून दाखल केले आणि त्याची सनद जायची वेळ आली. मग वरून नियम आला. प्रत्येक अर्जाला एक घोषणापत्र जोडायचं. त्यात चार रकाने. मशीनची मदत घेतली का? प्रत्येक आधार माणसाने मुळातून तपासला का? तपासणाऱ्याची सही. आणि चौथा: यापूर्वी न्यायालयापुढे ठेवलेल्या एखाद्या आधारात चूक आढळली असल्यास ती येथे लिहावी. या चौथ्या रकान्यावर वकिलांच्या खोलीत दोन दिवस हशा चालला होता. आपणहून कोण लिहिणार आहे? सगळे तिथे आडवी रेघ मारायचे. भिंगबाईनेही मारली होती. एकदा नाही, पंचवीस-तीस वेळा.

तर अशा थाटात सगळं चाललेलं असताना नणंदेचा खटला आला.

नणंद नवऱ्याहून मोठी. सगळी नोकरी तिने इस्पितळात नर्स म्हणून केली आणि त्यात दोन खोल्या घेतल्या. बदलीच्या गावी असताना त्या भाड्याने दिल्या, आणि निवृत्त होऊन परत आली तर भाडेकरू निघेना. त्याने दार उघडणंच सोडलं. शेवटी नणंदेने नोटीस त्याच्या बंद दारावर चिकटवली. भाडेकरू म्हणाला, मला नोटीस मिळालीच नाही. तेव्हापासून आठ महिने नणंद भिंगबाईच्या बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर. नर्सची नजर, चादरीची घडी वाकडी दिसली की उसकटून पुन्हा घालणार. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि इथे तर म्यान पण भाड्याचं. साखर तोलून झाली की नणंद ती आणखी एकदा तोलायची.

"तुझा एक ठिपका गं," ती रोज सकाळी म्हणायची, "आणि मी माझ्या घरी."

खटला सोपा होता, कारण आधारवहीत नेमका हवा तसा निवाडा होता. खंड एकतीस, पान चारशे सहा: बंद दारावर चिकटवलेली नोटीस ही हातात दिल्यासारखीच धरावी. मशीनने काढलेले तेरा निवाडे भिंगबाईने चार दिवस ग्रंथालयात बसून उलटेपालटे करून पाहिले; तेराही खरे निघाले, त्यामुळे ती जरा नाराजच होती. चौदावा वकीलबाईंनी वहीतून घेतला. यादी पुरी झाल्यावर त्यांनी ती एकदा मशीनला दाखवली. तेरा नोंदी तशाच राहिल्या. चौदावी पिवळी झाली. खाली ओळ आली: 'हा निवाडा मला सापडला नाही. कृपया मूळ खंड पाहावा.'

"मला सांगतंय, मूळ खंड पाहा म्हणून!" भिंगबाई म्हणाली. "कुंपणाचा सूड उगवतोय."

"मशीन सूड उगवत नाही हो."

"तुम्हाला काय माहीत? ते तुम्हाला सांगून उगवेल का?"

ती ग्रंथालयात गेली ती खंड एकतीस मशीनच्या तोंडावर मारायचा हे ठरवूनच. पान चारशे सहा उघडलं. तिथे छापखान्याच्या शाईच्या पिंपांवरून दोन भागीदारांचं भांडण होतं. पान फाटून भलतंच चिकटलंय का, म्हणून तिने शिवण पाहिली. शिवण धड होती. मग आकडा उलटा झाला असेल म्हणून खंड तेरा पाहिला. पान सहाशे चार पाहिलं, चारशे साठ पाहिलं. मागचे पाच खंड, पुढचे पाच खंड, सगळ्यांच्या सूच्या भिंगाखाली घातल्या. नोटीस, दार, भाडेकरू, मालक. दुपार टळली. ग्रंथपाल दोनदा येऊन गेला. "बाई, काय हरवलंय?" असं त्याने विचारलं, तेव्हा ती त्याच्यावरच खेकसली, "खंड बदलून ठेवता का तुम्ही?"

त्या खंडांवरची धूळ तिच्या बोटांशिवाय कोणाच्या बोटांनी पुसली जात नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

ऑफिसात परत येऊन तिने आधारवही उघडली आणि ती नोंद काढली. एकोणीस वर्षांपूर्वीची. अक्षर तिचं, ठिपका तिचा. पण ठिपका ओळीवर नव्हता. ओळीपासून बोटभर खाली, कोऱ्या जागेत पडला होता. तिने मागची दहा पानं पाहिली, पुढची दहा पाहिली. सगळे ठिपके ओळीच्या टोकाला, रांगेत, शिस्तीत बसलेले. हा एकच भरकटलेला.

आणि मग तिला तो दिवस आठवला.

त्या दिवशी सकाळी ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. त्यांनी बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलं आणि सांगितलं, चार तास वाचू नका. दुपारी दोनला अर्ज दाखल करायचा होता. थोरल्या साहेबांनी निवाडा, खंड, पान घडाघडा सांगितलं. ती ग्रंथालयात गेली. खंड काढला. पान उघडलं. समोर पांढऱ्यावर करडं धुकं. भिंग धरलं तर धुकंच मोठं झालं. तिने ओळीवर बोट ठेवलं, निदान ओळ असावी तिथे ठेवलं, आणि यादीवर ठिपका दिला; मग तसल्याच डोळ्यांनी वहीतही. साहेबांनी सांगितलंय म्हणजे असणारच. डोळे निवळले की उद्या येऊन पाहू. दुसऱ्या दिवशी दुसरी यादी होती. सगळा विधी यथासांग केला होता, वाचायचं तेवढं राहिलं होतं.

खटला एका इमारतीच्या मालकाचा होता. समोर एक घड्याळवाला. जिन्याखालच्या खोपटात बसून घड्याळं दुरुस्त करणारा. बहिणीच्या आजारपणात दोन महिने गावी गेला, तेवढ्यात मालकाने बंद फळ्यांवर नोटीस चिकटवली. परत आला तो मुदत टळल्यावर. त्याच चारशे सहा पानाच्या जोरावर त्याचं दुकान गेलं. निकालानंतर तो कुठलासा कागद मागायला ऑफिसात आला होता. बारीकसा माणूस, कपाळावर भिंगाचा पट्टा तसाच चढवलेला. तिच्या टेबलापाशी थांबून म्हणाला, "बाई, एक विचारू? ते पुस्तक तुम्ही पाहिलंत ना?"

"माझ्या डोळ्यांनी," ती म्हणाली होती.

"मग झालं," तो म्हणाला. "तुम्ही पाहिलंत तर झालं." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती थोरल्या साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. "साहेब, खंड एकतीस, पान चारशे सहा. तिथे तो निवाडा नाहीये. कुठेच नाहीये."

साहेबांनी पेपर खाली घेतला. "मग मी कुठून सांगितला? कोणाच्या भाषणात ऐकला असेल. किंवा दोन निवाडे डोक्यात एक झाले असतील. वकिलाचं डोकं म्हणजे काय हो, गोधडी असते." मग त्यांना एकदम आधार सापडला. "पण तुम्ही ठिपका दिला होता ना?"

"दिला होता."

"मग मी कशाला शंका घेऊ?"

"समोरच्या वकिलांनी तरी उघडून पाहायचं होतं."

"तुमचा ठिपका असल्यावर?" साहेब मनापासून हसले. "अहो, या कोर्टात तुमच्या ठिपक्यापुढे कोणी खंड उघडत नाही. न्यायाधीशसुद्धा नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. तिला वाटायचं, आपण शंका घेतो तशी सगळेच थोडी थोडी घेत असतील. सगळ्यांच्या वाटची शंका तिने एकटीने उचलली होती आणि बाकीचे निवांत होते. आणि जिच्यावर शंका घ्यायची राहिली, ती नेमकी ती स्वतः. मशीनने निदान 'सापडला नाही' म्हणून सांगितलं होतं. तिने एकोणीस वर्षांत तेवढंही सांगितलं नव्हतं.

धाकट्या वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या व्यवहारी होत्या. "चौदावा काढून टाकू. तेरा तुम्ही पाहिलेत, तेराखाली सही करा. खोटं काहीच नाही. चौथ्या रकान्यात रेघ."

"रेघ खोटी होईल."

"बाबांचं नाव आहे त्या जुन्या खटल्यात." हे त्या जरा हळू म्हणाल्या. "आणि तुमचं इतक्या वर्षांचं नाव? एका ठिपक्यासाठी?"

"चौदावा नसला तर वन्संचं काय?"

"अर्ज दाखल होईल, पण कोर्ट नोटीस पुन्हा द्यायला लावेल, रीतसर. वर्ष जाईल. कदाचित दीड."

घरी येऊन भिंगबाईने नणंदेला सांगितलं. आडपडदा न ठेवता, औषधाच्या थेंबांपासून घड्याळवाल्यापर्यंत. नणंद उशीच्या अभ्र्याची घडी घालत होती. ती तिने पुरी केली.

"समोरचा वकील तुझा ठिपका बघून गप्प बसेल?"

"बसेल."

"म्हणजे तू बोलली नाहीस तर कोणाला कळणार नाही."

"नाही कळणार."

"तो घड्याळवाला कुठे असतो आता?"

"माहीत नाही, वन्सं."

"आणि मी कुठे असते, ते माहीत आहे ना?" नणंद म्हणाली आणि सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडली.

भिंगबाई स्वयंपाकघरात जाऊन बसली. तिला स्वतःचाच संशय यायला लागला होता. आपण हे लिहिणार ते त्या माणसासाठी, की आपला खरेपणा मिरवायला? एकोणीस वर्षांनी लिहून त्याचं खोपट परत मिळणार आहे का? आणि गप्प बसलो तर ते वन्संसाठी, की आपल्या नावासाठी? तिने दोन्ही बाजू उलटून पाहिल्या, साखरेसारख्या दोनदा तोलल्या, आणि एकाही हेतूला तिला ठिपका देता येईना. तिला लाज वाटत होती. पण त्या माणसाने आपल्याला विचारलं होतं आणि आपण काय सांगितलं, एवढं मात्र पक्कं होतं. तेवढ्याला पडताळणीची गरज नव्हती.

दाखल करायच्या दिवशी नणंदही कोर्टात आली. खटला तिचाच होता, सही लागणार होती. रस्ताभर ती दोन पावलं पुढेच चालली.

खिडकीतला कारकून भिंगबाईचे कागद कधी वाचायचा नाही. ती दिसली की शिक्का उचलायचा. आजही उचलला. खाली आणताना मात्र त्याची नजर चौथ्या रकान्यावर गेली, कारण तो भरलेला होता, आणि भरलेला चौथा रकाना त्याने आजवर पाहिला नव्हता.

"बाई, इथे रेघ मारायची असते."

"माहीत आहे."

"मशीनची चूक का?"

"नाही. माझी."

त्याने वाचलं. सरळ, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: घड्याळवाल्याच्या खटल्यात दिलेला खंड एकतीस, पान चारशे सहाचा निवाडा अस्तित्वात नाही. तो पाहिल्याची खूण मी केली होती. मी पाहिला नव्हता. पाहिला का असं त्या माणसाने मला विचारलं, तेव्हाही मी पाहिला म्हणूनच सांगितलं.

कारकुनाने पुन्हा एकदा वाचलं. मग शिक्का बाजूला ठेवला. तेरा निवाड्यांची यादी पुढे ओढली आणि जरा अवघडून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "मग बाई... आता हे तेराही मला बघावे लागतील. खंड मागवावे लागतील. वेळ लागेल."

मागे बाकावर नणंदेने जोरात सुस्कारा सोडला.

"लागू दे," भिंगबाई म्हणाली.

त्याने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि डोळे बारीक केले. अक्षर फार लहान होतं. भिंगबाईने पर्समधून मोजा काढला, मोज्यातून भिंग काढलं, पदराने पुसलं आणि खिडकीतून आत सरकवलं.